दोन रेघांमधली भिंत

वसाहतीचा नवा नकाशा मी काढून देतो, असं मी सभेत म्हणालो तेव्हा कोणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. हा मत्सर असावा अशी मी स्वतःची समजूत घातली. नंतर कळलं, की सभेत जो पहिला बोलेल त्याच्या गळ्यात काम पडतं हे बाकीच्या सत्तावीस घरांना ठाऊक होतं, आणि ती सगळी माणसं श्वास रोखून माझ्याच तोंडाकडे बघत होती.

पालिकेने प्रत्येक वसाहतीकडून नवा नकाशा मागवला होता. ट्रेसिंग पेपरवर, काळ्या शाईत, एकास पाचशे प्रमाणात, 'हाताने अथवा तत्सम साधनाने' रेखलेला. छापील नकाशा चालणार नव्हता. का, ते पत्रात दिलेलं नव्हतं आणि पालिकेच्या पत्राला 'का' विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. मात्र 'तत्सम साधन' म्हणजे काय ते मला वाचताक्षणी समजलं, कारण ते गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर बसलेलं होतं.

त्याला प्लॉटर म्हणतात. दोन दांड्या, दोन मोटरी आणि एक चिमटा. चिमट्यात पेन अडकवायचं, संगणकातून हुकूम सोडायचा, की यंत्र माणसासारखं कागदावर रेघा ओढतं. त्याला फोटो समजत नाही, ठिपके समजत नाहीत, त्याला फक्त रेघ समजते. पेन टेक, इथून तिथे जा, पेन उचल. ही जी रेघांची यादी असते तिला व्हेक्टर म्हणतात. हे मी पाहुण्यांना चहाबरोबर समजावून सांगत असे आणि पाहुणे चहा लवकर संपवत असत.

बायकोचं म्हणणं असं, की घरातली तीन माणसं खाली बसून जेवतात आणि यंत्र टेबलावर बसतं, तर निदान त्याने काहीतरी उपयोगाचं करावं. चार महिन्यांत त्याने एक ससा काढला होता. तो मी चौकट करून भिंतीला लावला. भेटायला आलेल्या प्रत्येकाने मांजर छान आहे म्हणून सांगितलं. तेव्हा नकाशाचं काम ही माझ्या दृष्टीने नुसती समाजसेवा नव्हती, इभ्रतीचा प्रश्न होता.

घरातलं तिसरं माणूस म्हणजे माझे सासरे. त्यांनी अडतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढली. वसाहतीचा जुना नकाशा त्यांच्याच हातचा. दोन वर्षांपूर्वी तो हात थरथरायला लागला. पुढे पुढे कपातला चहा बशीत यायला लागला, तसं त्यांनी पेन पेटीत ठेवलं, पेटी खाटेखाली सरकवली आणि ते आमच्याकडे राहायला आले. त्यांच्यासाठी मी घराच्या बाजूला एक खोली काढली. तिच्या तीन भिंती नव्या, आणि चौथी म्हणजे आमची आणि शेजाऱ्यांची सामाईक कुंपणभिंत. माझा मेहुणा नवव्या मजल्यावर राहतो आणि वडिलांनी आपल्याकडे यावं असा आग्रह दर रविवारी फोनवर धरतो. सासरे दर रविवारी त्याला सांगतात, की मला जमिनीवर बरं वाटतं.

नकाशाचं काम माझ्याकडे आलं म्हटल्यावर त्यांनी जुना नकाशा काढून दिला. गुंडाळी सोडवताना त्यांचे हात थरथरत होते आणि मी मदत करायला गेलो तर त्यांनी कोपराने मला बाजूला केलं. मी नकाशा जमिनीवर पसरला. एकेक रेघ जागच्या जागी बसलेली, आणि कोपऱ्यात सूची: बारीक रेघ म्हणजे घर, जाड रेघ म्हणजे कुंपणभिंत, दोन समांतर रेघा म्हणजे पायवाट.

"यंत्राला एवढंच सांगा, जावईबापू," ते म्हणाले. "रेघ मधून जाते. कडेने नाही."

मी हसून मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्याला मान डोलवायची असते, ऐकायचं नसतं, असा माझा तोवरचा रिवाज होता.

मी नकाशा स्कॅन केला आणि चित्राच्या रेघा करणाऱ्या सॉफ्टवेअरला दिला. त्याने पाच सेकंदांत अडतीस वर्षांचा अनुभव गिळून व्हेक्टर बाहेर काढला. काय झालं होतं ते सांगतो, कारण पुढचं सगळं महाभारत त्यातून झालं. सॉफ्टवेअरला जाड रेघ ही रेघ वाटलीच नाही. तिला ते काळा पट्टा समजलं, आणि पट्ट्याच्या डाव्या कडेने एक, उजव्या कडेने एक, अशा दोन रेघा त्याने इमानदारीत ओढल्या. वसाहतीतल्या प्रत्येक कुंपणभिंतीच्या जागी आता दोन-दोन रेघा होत्या. रेघ मधून काढायचा पर्यायही त्या सॉफ्टवेअरमध्ये होता. मेनूत चौथा. मी तिसऱ्यापर्यंत जाऊन आलो होतो.

सासऱ्यांना विचारलं असतं तर त्यांनी दोन शब्दांत सांगितलं असतं. पण ज्या माणसाला आपण परवाच 'बाबा, आता हातांचे दिवस गेले' म्हणून सुनावलं आहे त्याला जाऊन विचारायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. मी स्वतःच एक शास्त्रीय तोडगा काढला: प्रत्येक जोडीतली एक रेघ पुसून टाकायची. सत्तावीस भिंतींच्या डाव्या रेघा मी एका रविवारी उडवल्या, राहिली ती फक्त आमची आणि शेजाऱ्यांची भिंत. त्यामुळे सगळी वसाहत थोडी उजवीकडे सरकली असेल, पण सगळेच सरकल्यावर कोण कोणाकडे बोट दाखवणार?

तेवढ्यात कामाची बातमी पसरली आणि सल्ल्यांना सुरुवात झाली. सेक्रेटरींनी उत्तर दिशेचा बाण जरा भारदस्त पाहिजे असा ठराव मांडला आणि त्याला त्यांचंच अनुमोदन मिळालं. औषधांच्या दुकानदाराला त्याच्या घरापुढचं झाड नकाशात हवं होतं, आणि ते कोणतं झाड आहे हे कळेल असं हवं होतं. कोपऱ्यावरच्या प्राध्यापिकाबाईंनी आपलं घर प्रत्यक्षात आहे त्याहून लहान वाटतंय असं लेखी कळवलं. मी मोजून दाखवलं. त्या म्हणाल्या, माप बरोबर असेल, पण वाटतंय लहान. मी बाण भारदस्त केला, झाड काढलं, आणि बाईंच्या घराच्या पायऱ्या दाखवून वाद मिटवला. त्यावर, आमच्या पायऱ्या का नाहीत म्हणून आणखी पाच जण आले.

आणि मग आले मास्तर. हे आमचे त्या सामाईक भिंतीपलीकडचे शेजारी, शाळेत कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिट्टी अजून गळ्यात असते. सामाईक भिंतीच्या दोन रेघांपैकी एक पुसायची आहे, हे मी चांगुलपणाने त्यांना सांगून बसलो.

"डावी पुसलीत तर भिंत माझ्या अंगणात येते," मास्तर म्हणाले.

मी म्हणालो, उजवी पुसली तर माझ्या. ते म्हणाले, मग उजवी पुसा. मी म्हणालो, का म्हणून? कागदावर दोन रेघांत एक मिलिमीटरचं अंतर होतं. एकास पाचशेच्या हिशेबाने जागेवर अर्धा मीटर. अर्ध्या मीटरमध्ये ना मास्तरांना काही पिकवायचं होतं, ना मला. पण सोळा वर्षांचा शेजार होता आणि सोळा वर्षांत आम्ही दोघांनीही एकमेकांना कधी कशात पुढे जाऊ दिलेलं नव्हतं. चार दिवस बोलणी चालली. शेवटी दोघांच्याही मानाला धक्का लागणार नाही असा तोडगा निघाला: दोन्ही रेघा राहू द्यायच्या. मास्तरांनी हात मिळवला. मीही मिळवला. आपल्या वयाला शोभेल असं वागलो, अशी दोघांचीही भावना झाली.

प्रत्यक्ष नकाशा काढायला यंत्राला चार तास दहा मिनिटं लागली. पहिल्या वेळी पेनातली शाई मधेच वाळली आणि यंत्राने दीड तास कोरड्या टोकाने अत्यंत मन लावून काम केलं. दुसऱ्या वेळी बायकोने शेजारच्या खोलीत कपाटाचं दार लावलं आणि भारदस्त बाणाला शेपूट फुटलं. तिसऱ्या वेळी घरात सगळ्यांना चालायला बंदी केली. शहाण्या माणसाने जवळजवळची घरं एकापाठोपाठ काढली असती. यंत्र एका घराची एक बाजू काढून वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला जाई, तिथे झाडाचं एक पान काढी आणि परत येई. मी ऑफिसातही असंच काम होताना पाहिलेलं असल्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही.

काम संपल्यावर सासरे दारात येऊन उभे राहिले. एकदा बघू का, म्हणाले. मी म्हणालो, शाई वाळतेय. खरं म्हणजे शाई वाळली होती. त्यांनी दोष काढला तर काय, या भीतीने मी कागद त्यांच्यादेखत गुंडाळून नळीत घातला. आपल्या खोलीत जाऊन त्यांनी दार हळूच लोटून घेतलं, आणि त्या हळूपणाचा मला राग आला.

पालिकेच्या नकाशा विभागात एक बाई बसतात. त्यांनी नकाशा उजेडाला धरला, घडी नाही ना पाहिलं, शाई काळीच आहे ना म्हणून ओला अंगठा फिरवून पाहिला, आणि एक अर्ज पुढे केला. त्यात 'आरेखकाचे नाव' असा रकाना होता. तिथे माझं नाव लिहून मोकळा झालो असतो तर बरं झालं असतं. पण प्रगतीचा झेंडा रोवायची ही संधी होती. मी ठळक अक्षरात लिहिलं, 'यंत्र'. बाईंनी ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. त्या शिक्क्याचा आवाज ऐकून मला जो आनंद झाला तो माझ्या बढतीच्या वेळीही झाला नव्हता. अर्थात बढती मला एकदाच मिळाली आहे.

तीन आठवडे मी वसाहतीत सावकाश चालत होतो, म्हणजे लोकांना कौतुक करायला वेळ मिळावा. चौथ्या आठवड्यात नोटीस आली. मंजूर नकाशाप्रमाणे आपल्या आणि शेजारच्या घरांच्या मधून अर्धा मीटर रुंदीची सार्वजनिक पायवाट जाते. जागेवर पाहणी केली असता सदर पायवाटेवर भिंत व एक खोली बांधून अतिक्रमण केल्याचे आढळले. पंधरा दिवसांत काढून घ्यावे, अन्यथा पथक येऊन काढेल.

दोन समांतर रेघा म्हणजे पायवाट. सूची मीच काढली होती. यंत्राने तिला सतरा मिनिटं घेतली होती.

तीच नोटीस मास्तरांनाही आली होती. ते ती घेऊन आले आणि पायरीवर बसले. मग म्हणाले, डावी पुसली असती तरी चाललं असतं. मी म्हणालो, उजवीही चालली असती. सोळा वर्षांत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि तेही नोटिशीवर.

भिंत गेली तर जाऊ दे, भिंतीचं काही नाही. पण ती गेली की सासऱ्यांची खोली जाणार होती. मेहुण्याला कोणी कळवलं देव जाणे. रविवार नसताना त्याचा फोन आला. तो म्हणाला, खोली तयार आहे, लिफ्ट आहे, बाल्कनीतून सगळं शहर दिसतं. सासऱ्यांनी या वेळी जमिनीचं नाव काढलं नाही. बरं, एवढंच म्हणाले. संध्याकाळी मी पाहिलं, तर त्यांनी खाटेखालची पेटी बाहेर काढून तिच्यावर आपले दोन शर्ट घडी करून ठेवले होते. बायको माझ्याशी बोलेनाशी झाली. ती चिडून बोलली असती तर मला उत्तरं तयार होती.

पुढचे बारा दिवस मी पालिकेत काढले. पहिल्या टेबलावर कळलं, की नकाशात चूक आहे हे मान्य करता येत नाही, कारण त्यावर शिक्का आहे. दुसऱ्यावर कळलं, की शिक्का असलेल्या नकाशात चूक नसते, पण दुरुस्ती असू शकते. तिसऱ्या टेबलावरचे गृहस्थ जेवायला गेले होते आणि ते दोन दिवस जेवत होते. चौथ्यावर एक साहेब होते, त्यांनी मला मूळ जागा मोजून आणायला सांगितली. मी मोजून आणली. मग ते म्हणाले, तुम्ही मोजलेलं आम्ही कसं धरणार? अखेर तेराव्या दिवशी मी फिरून नकाशा विभागातल्या बाईंसमोर येऊन उभा राहिलो. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं, पण मधल्या साहेब लोकांचा मान राखायला नको का?

बाईंनी माझा अर्ज काढून समोर ठेवला. दुरुस्ती मूळ कागदावर, विभागात बसून, आरेखकाने स्वहस्ते करायची असते, असा नियम त्यांनी वाचून दाखवला.

"आरेखक म्हणून तुम्ही यंत्र लिहिलंय," त्या म्हणाल्या. "घेऊन या त्याला. ओळखपत्र लागेल."

मी चार लोकांत एवढा लहान कधी झालो नव्हतो. रांगेतला एकजण हसला. दुसरा काही मार्ग आहे का, असं मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. बाईंना दया आली असावी. त्यांनी मागच्या कपाटातून एक वही काढली. पालिकेच्या मान्य आरेखकांची यादी. यातल्या कोणीही केलेली दुरुस्ती चालते, म्हणाल्या. तीन नावं होती. पहिले गृहस्थ वारले होते. दुसरे परदेशी मुलाकडे जाऊन राहिले होते. नाव काढायचा नियम नसल्यामुळे दोघंही अजून मान्य होते. तिसरं नाव माझ्या बायकोच्या वडिलांचं होतं.

दोन दिवस मी त्यांना काही बोललो नाही. काय तोंडाने बोलणार होतो? पंधराव्या दिवशी सकाळी ते पेटीला दोरी बांधत बसले होते. गाठ बसत नव्हती. पथक दुपारपर्यंत येणार असं सेक्रेटरी सांगून गेले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. दोन रेघा का राहिल्या ते, मेनूतल्या चौथ्या पर्यायाचं, आणि त्या दिवशी शाई वाळलेली होती हेसुद्धा.

त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढे धरले. दोन्ही थरथरत होते.

"बघितलेत?"

"बघितले, बाबा."

"मग?"

"रेघ मधून गेली म्हणजे झालं," मी म्हणालो. "सरळ असायला हवी असं नियमात कुठे नाही."

मग त्यांनी दोरी सोडली, पेटी उघडली आणि जुनं पेन, शाईची बाटली आणि ब्लेडचा अर्धा तुकडा रुमालात बांधून घेतला. शर्ट बदलायला मात्र त्यांनी पाच मिनिटं लावली. ऑफिसला जायचंय, म्हणाले.

नकाशा विभागात बाईंनी त्यांना पाहिलं आणि त्या उभ्या राहिल्या. मी तीन आठवडे मिरवलो तेव्हा माझ्यासाठी कोणी उभं राहिलं नव्हतं, पण तो विषय वेगळा. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. सासरे वाकले आणि पहिल्यांदाच यंत्राचं काम त्यांच्या नजरेखालून गेलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, झाड चांगलं आलंय. मग ब्लेडच्या तुकड्याने त्यांनी दोन्ही रेघांची शाई खरवडायला घेतली. कागद न फाटता वरची शाई तेवढी निघत होती. हात थरथरत होता आणि त्या थरथरीचाच त्यांनी खरवडायला उपयोग केला. नंतर अंगठ्याच्या नखाने ती जागा घासून गुळगुळीत केली.

रेघेसाठी त्यांनी पट्टी ठेवली. डाव्या हाताखाली पट्टी हलायला लागली. मी धरायला पुढे झालो, तर बाई म्हणाल्या, दुसऱ्याचा हात लागलेला चालणार नाही. त्यांच्या आवाजात नियम होता, पण त्या बघत मात्र खिडकीबाहेर होत्या. सासऱ्यांनी पुन्हा पट्टी ठेवली, पुन्हा ती सरकली. मग त्यांनी ती उचलून माझ्या हातात दिली, एक श्वास घेतला आणि पेन नुसतंच कागदाला टेकवलं.

रेघेला तीन मिनिटं लागली. ती जिथून निघायची तिथून निघाली आणि जिथे पोचायची तिथे पोचली. मधल्या वाटेत मात्र ती कधी इकडे झुकली, कधी तिकडे. सगळ्या नकाशात तेवढी एकच रेघ अशी होती. मी एवढी वर्षं त्या माणसाच्या घरचा जावई होतो आणि तो काम करताना मी प्रथमच पाहत होतो. बाईंनी रकान्यात त्यांची सही घेतली. सहीसुद्धा तशीच आली. मग बाईंनी शिक्का मारला.

आम्ही रिक्षाने परत आलो तेव्हा पथक फाटकापासून भिंत पाडत खोलीच्या दोन हातांवर आलं होतं. तिथेच ते थांबलेलं होतं, कारण मास्तर खोलीच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. पथकातले चारही जण एका ओळीत, हत्यारं पायाशी ठेवून, विश्राममध्ये. मास्तरांनी शिट्टी वाजवून त्यांना तसं उभं केलं होतं. सरकारी काम शिस्तीत झालं पाहिजे, आधी रांग, मग मोजणी, मग पाडापाडी, असं त्यांनी बजावलं होतं आणि मोजणी चौथ्यांदा चालू होती. मी शिक्क्याचा कागद दाखवला. पथकप्रमुखाने तो वाचला. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि पथक पांगलं. सासऱ्यांची खोली शाबूत राहिली. त्यांची पेटी संध्याकाळी परत खाटेखाली गेली आणि बायको माझ्याशी बोलायला लागली. तिने पहिलं वाक्य टेबलाबद्दल टाकलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण पालिकेने पाडलेली भिंत पुन्हा बांधायची तर मंजूर नकाशाप्रमाणेच बांधली पाहिजे, असं पत्र आठ दिवसांनी आलं आणि पत्रामागून कनिष्ठ अभियंता आला. तरुण माणूस, अत्यंत प्रामाणिक. अशा माणसांची मला फार धास्ती वाटते. त्याने दुरुस्त नकाशाची प्रत काढली, भिंग काढलं, आणि रेघ दर अर्ध्या मीटरला किती झुकते ते मोजून जमिनीवर खुंट्या मारल्या. मी म्हणालो, भिंत सरळ होती हो. तो म्हणाला, असेल, नकाशात नाही. गवंड्याने दोरी लावायला घेतली, तर अभियंता म्हणाला, दोरी नको, दोरी सरळ जाते. तीस वर्षांत इतक्या मापात वाकडं बांधायला आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं म्हणत गवंड्याने एकेक वीट फिरवून फिरवून लावली.

भिंत झाली. फाटकापासून खोलीपर्यंत ती सासऱ्यांच्या हातासारखीच आली. वसाहतीतली सगळी मंडळी पाहायला आली. सेक्रेटरींनी तिला तात्पुरती मान्यता देणारा ठराव मांडला. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, हिच्यामुळे अंगण मोठं वाटतं. सासरे सगळ्यांमागे उभे होते. लोक गेल्यावर ते पुढे झाले आणि तळवा भिंतीवर टेकवून फाटकाकडे चालत गेले, प्रत्येक वळण चाचपत. भिंतीवर टेकलेला तो हात थरथरत नव्हता.

पलीकडून मास्तरांचं डोकं वर आलं. ते सकाळपासून आपल्या बाजूने टेप लावून बसले होते.

"काका," ते म्हणाले, "इथे भिंत वीतभर माझ्याकडे आलीय."

सासऱ्यांनी हात न उचलता दोन पावलं पुढे टाकली आणि तिथली वीट चाचपून पाहिली.

"पुढच्या वळणावर परत जाते," ते म्हणाले.